मोजणी जुळली

मंगळवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत आणि तूही तसाच असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर वहिनी दोन घासांवर पानावरून उठते आणि दाराची कडी वाजली की सगळ्यांच्या आधी धावते. मुलींना सांगितलंय की बाबा लांबच्या साइटवर गेलेत. थोरलीने लगेच विचारलं, मग डबा घरीच कसा राहिला. तुझीच पोर, नको तिथे डोकं चालतं.

तुझी चिठ्ठी मिक्सरच्या ड्रायव्हरने दिली. काँक्रीट ओतून झाल्यावर गाडीचा ड्रम धूत होता. मला बघून त्याने नळी खाली टाकली आणि हातमोज्यातून चिठ्ठी काढून दिली. कुठून आणली ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. चिठ्ठी एवढीशी आणि मागणी केवढी! चौकशीच्या साहेबांना मी सांगायचं की रंगाऱ्याने आपला बिल्ला आपणच आणून टांगला, आणि मग कोणाला न विचारता पुन्हा टाकीत उतरला. म्हणजे तू सुटलास, घरी आलास, सगळं पहिल्यासारखं. माझी जबानी सोमवारी आहे. उत्तर लगेच कळव म्हणतोस. कळवते, पण माझ्या पद्धतीने.

सोमवारी मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. प्रशिक्षणाचे मास्तर म्हणाले, आधी घरी कोणापुढे तरी बोलून बघ, म्हणजे ऐन वेळी ततपप होत नाही. घरी आहे कोण? वहिनी. तिच्यापुढे हे कसं बोलू? म्हणून तुझ्यावरच सराव करते. यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी वाच.

तर साहेब, मी या साइटवर सेफ्टी कोऑर्डिनेटरचं प्रशिक्षण घेत होते. कशी आले, तर भावामुळे आले. नवऱ्याचं घर सोडल्यापासून मी भावाच्या बाहेरच्या खोलीत राहते. शिलाई मशीन, मुलींच्या सायकली आणि मी, असा त्या खोलीतला संसार. भाऊ इथे मुकादम. त्याने इंजिनियरच्या कानावर घातलं की बहीण शिकलेली आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते, तिला एक हेल्मेट देऊन टाका. हे तू गमतीने म्हणालास आणि ते खरं झालं. मी ते विसरले नाही. तू विसरूही दिलं नाहीस. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी ही गोष्ट.

वर्ग कंटेनरच्या केबिनमध्ये. मास्तर पंख्याखाली बसायचे आणि आम्ही पत्र्याखाली शिजायचो. शिडी कशी टेकवायची, खड्ड्याच्या कडेपासून किती लांब चालायचं, उंचावरच्या माणसाला कसं ओरडायचं म्हणजे तो दचकून खाली येणार नाही. हे शेवटचं मला फार आवडलं होतं. नवऱ्याच्या घरी हे कोणाला शिकवलं असतं तर मी तिथेच राहिले असते.

पट्टा बांधून टांगून घ्यायचा दिवस तुझ्या लक्षात असेलच. मला क्रेनच्या आकड्याला लटकवलं आणि मास्तर खाली उभे राहून, लटकलेल्या माणसाचे पाय कसे सुन्न होतात आणि मग भोवळ कशी येते, ते सावकाश समजावत बसले. तू तुझी सगळी माणसं बघायला घेऊन आलास. ‘वाळत घातलीय’ म्हणालास. तेव्हापासून साइटवर माझं नाव वाळवणताई. मी पण हसले. न हसून सांगते कोणाला, पाय सुन्न झाले होते.

आता बिल्ल्यांचं. गेटवर लाकडी फळा आहे, त्यावर खिळे, आणि ज्याच्या त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला. आत शिरताना आपला बिल्ला तिथे टांगायचा. सायरन झाला की बाहेर पडताना तो उचलायचा आणि मैदानातल्या दुसऱ्या फळ्यावर नेऊन लावायचा. गेटवरचा फळा रिकामा झाला म्हणजे आत कोणी उरलं नाही. अट एकच, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. ही अट मी रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी घसा फोडून सांगत होते, आणि तू पहिल्याच रांगेत उभा राहून जांभया देत होतास. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी माझी परीक्षा होती. सायरन खोटा, पण माणसं खरोखर बाहेर काढायची. मास्तर घड्याळ घेऊन उभे राहणार. पास झाले तर नोकरी पक्की आणि राहायला कंपनीची खोली. नापास झाले तर पुन्हा मशीन, सायकली आणि मी.

रंगारी सकाळपासून जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत होता, भिंतींना आतून लेप मारत होता. त्या लेपाची वाफ डोक्यात जाते, म्हणून वरून ब्लोअर लावलेला, जाड नळीतून ताजी हवा आत. टाकीच्या तोंडावर दोर धरून राखणीला एक माणूस लागतो. तो त्या दिवशी तू होतास. राखणीचा माणूस जागा सोडत नाही, आतल्याला बाहेर काढल्याशिवाय तर नाहीच नाही.

सायरन झाल्यावर तू त्याला हाक मारलीस. तो म्हणाला, लेप अर्धवट सोडला तर सांधा राहतो, उद्या तिथूनच पाणी गळेल आणि सगळं खरवडून पुन्हा मारावं लागेल. हे तूच मला नंतर सांगितलंस, पत्र्याच्या आडोशाला, रडत. तू त्याला म्हणालास, ‘मार तू, वरचं नाटक आहे, मी सांभाळतो.’ आणि गेटवर येऊन स्वतःच्या बिल्ल्याबरोबर त्याचाही बिल्ला उचलून आणलास. गेटवरचा फळा रिकामा झाला. मोजणी जुळली. मी शिट्टी वाजवली आणि मास्तरांनी घड्याळ थांबवलं. त्यानंतर ब्लोअर बंद पडला आणि टाकीतली हवा संपली.

इथपर्यंत बरोबर बोलले ना?

आता तुझी मागणी. मेलेला माणूस आपली बाजू मांडायला येत नाही, म्हणून सगळं त्याच्या गळ्यात बांधायचं? त्याचीच चूक ठरली तर कंपनी त्याच्या बायकोला रिकाम्या हाताने वाटेला लावेल. तू तिला ओळखतोस, तीही इथेच विटा वाहत होती. तुझ्या जखमेवर तू तिच्या हाताने हळद लावून घेतली होतीस, आणि आता तिच्याच नवऱ्याला खोटा पाडतोस. नाही दादा. हे माझ्याच्याने होणार नाही. दुसरं काही सुचत असेल तर कळव.

तब्येतीला जप. कोरडं खाऊन पित्त वाढवून घेऊ नकोस.

तुझी,
धाकटी


शुक्रवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं उत्तर मिळालं. इतक्या मायेने मी पानं भरून लिहिलं आणि तू दोन ओळी फेकल्यास. ‘ब्लोअर आपोआप बंद पडला का? आणि मोजणी जुळलीच पाहिजे असं मला कोण म्हणालं होतं?’ वाचून मी तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

बरं, लिहूनच टाकते, म्हणजे तुला कोड्यात बोलायला नको. मेन स्विच मी पाडायला लावला. खरी आग लागली तर पहिल्यांदा वीज तोडतात. आधीच्या कोणत्याही सरावात कोणी हे केलं नव्हतं, नुसता सायरन वाजवायचे आणि चहा प्यायचे. मला वाटलं आपलं काहीतरी वेगळं दिसावं. मास्तरांना आवडलंही होतं. तुला आधी सांगायला हवं होतं, असंच ना तुझं म्हणणं? सगळ्यांना घरी सांगून ठेवलं तर त्याला परीक्षा कशाला म्हणायची? टाकीत उतरायच्या परवान्यावर सकाळी सही माझीच होती, हेही तू काढशील. होती. पण शिट्टीच्या वेळी फळा रिकामा होता, आणि रिकाम्या फळ्याचा अर्थ साऱ्या साइटला एकच ठाऊक आहे. मी फळ्यावर विश्वास ठेवला. तुझ्यावर ठेवायला हवा होता का?

आणि दुसरं. हो, मी म्हणाले होते. तू दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होतास. मी म्हटलं, दादा, आज एक जरी बिल्ला मागे राहिला तर मी जन्मभर तुझ्या बाहेरच्या खोलीत, तुझी माणसं तू बघ, मोजणी जुळलीच पाहिजे. तू माझ्या हेल्मेटवर टिचकी मारलीस आणि म्हणालास, जुळली म्हणून समज. एवढंच. बहीण भावाला इतकंही म्हणत नाही का? त्याचा अर्थ माणसाला टाकीत ठेव असा होतो का? मी लाडाने मागितलं, तू लाडाने दिलंस. कसं द्यायचं ते मी सांगितलं नव्हतं.

तू माझे उपकार मात्र साफ विसरलास, म्हणून आठवण करून देते. वीज गेली, सगळी साइट एकदम गप्प झाली. मास्तरांनी माझा हात हातात घेतला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढायचं ठरलं. तू टाकीकडे निघाला होतास. मी तुझ्या दंडाला धरून तुला शेजारी उभं केलं. माझ्या आनंदाच्या दिवशी माझ्या शेजारी दुसरं कोण असणार? फोटो चांगला आलाय. तू माझ्या कानाशी वाकलेला दिसतोस. मग चहा आला. मग तू पळत सुटलास आणि मी तुझ्या मागे.

दोर ओढला तर नुसता ओला होऊन वर आला. तू एक पाय टाकीच्या तोंडात घातलास. मी तुझा कमरेचा पट्टा मागून दोन्ही हातांनी पकडला आणि ओरडले, फिटरांनी धावत येऊन तुला ओढून बाहेर पाडलं. नियम आहे. एकाला काढायला दुसरा जातो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि शेवटी सगळ्यांना एकदमच काढावं लागतं. आधी श्वासाचा संच आणायचा, मगच उतरायचं. संच स्टोअरमध्ये कुलपात होता आणि स्टोअरकीपर मैदानात बिस्किटं खात होता. तोवर खालून ब्रशचा दांडा भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. तुला ऐकू आला, मलाही आला. नंतर थांबला. तू मला शिव्या दिल्यास, माझ्या हाताला चावलास. अजून वण आहे. मी पट्टा सोडला नाही. मास्तर सगळ्यांपुढे म्हणाले की पोरगी खरी पास आत्ता झाली.

म्हणजे आज तू जिथे कुठे लपला आहेस तिथे श्वास घेतोयस तो माझ्यामुळे. याची एक ओळ तुझ्या चिठ्ठीत नाही.

काल कंपनीच्या लोकांबरोबर रंगाऱ्याच्या खोलीवर जाऊन आले. लेपाने पत्र्यासारखी कडक झालेली त्याची पँट बायको घडी घालायला बघत होती आणि घडी काही पडत नव्हती. बाकीचे लोक दारातूनच बोलले. मी आत जाऊन बसले. ती मला म्हणाली, ताई, ते आत आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं का? मी म्हटलं, एकाला माहीत होतं. तिने विचारलं कोणाला. मी तुझं नाव सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, मुकादमांनी आम्हाला कधी उपाशी झोपू दिलं नव्हतं, ते असं कसं करतील. मी तिची समजूत काढली.

वहिनी रोज विचारते, काही निरोप आला का. मी नाही म्हणते. तिला कळलं तर ती तुला शोधत निघेल आणि तिच्या मागून पोलीस. तुझ्या भल्यासाठीच ना? तिच्या नावाने तू चिठ्ठीच्या आत खोचलेला कागद मी बाजूला काढून ठेवलाय. वाचला. अक्षर अजून तसंच, मुंग्या चालल्यासारखं.

सोमवारपर्यंत तू काही करू नकोस. इकडे येऊ नकोस, फोन लावू नकोस, स्वतःहून कोणापुढे उभा राहू नकोस. तुला बोलता येत नाही, तू भलतंच खरं बोलून बसशील. माझ्यावर सोड.

तुझी,
धाकटी


मंगळवार, १६ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. काल जबानी झाली. तू वाट बघत असशील म्हणून आधी तेच लिहिते.

साधी खोली होती. साहेब, त्यांचा टायपिस्ट आणि खिडकीत एक बंद पडलेला पंखा. साहेब स्वभावाने बरे. खुर्ची पुढे ओढून दिली. तुझ्यावर सराव केला होता तो कामी आला, एकदाही अडखळले नाही. बिल्ले, टाकी, लेप, राखण, तू त्याला काय म्हणालास, सगळं क्रमाने सांगितलं. विजेचंही सांगितलं. ते लपवून चालणार नव्हतं. मास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तोडायला त्यांची परवानगी होती.

तुझं नाव घेतल्यावर साहेबांनी विचारलं, ‘आडनाव एकच दिसतंय. नात्यातले?’

‘भाऊ,’ मी म्हटलं.

‘चुलत?’

‘सख्खा.’

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. टायपिस्टही थांबला. साहेब म्हणाले, ‘आणि तरी सांगताय?’

‘माणूस मेलाय, साहेब,’ मी म्हटलं.

मला पाणी आणून दिलं. मी प्यायले. खरंच घसा कोरडा पडला होता, त्यात ढोंग नव्हतं.

मग त्यांनी विचारलं की भावाने दोन बिल्ले लावले ते तुमच्या लक्षात कसं आलं नाही. मी म्हटलं, माझं लक्ष फळ्याकडे होतं, भावाच्या हातांकडे नव्हतं, भावावर कोण पाळत ठेवतं? हे त्यांना पटलं. तू तेव्हा काय केलंस ते मला दिसतंय अजून. पहिला बिल्ला लावलास, दुसरा लावताना माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघत होतेच. तू जराशी मान हलवलीस आणि मी शिट्टी तोंडाला लावली. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिने वेगळं काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. तिलाही स्वतःची खोली हवी असती, तर नसतं केलं.

शेवटी फोटो निघाला. कंपनीने तो स्वतःच दिला होता, सराव किती व्यवस्थित झाला ते दाखवायला. साहेबांनी तुझ्यावर बोट ठेवलं. ‘इथे भाऊ तुमच्या कानात काहीतरी सांगतोय. काय सांगतोय?’

दादा, तुला वाटत असेल मी घाबरले. नाही घाबरले. तू काय सांगितलंस ते मला शब्दाशब्दाने पाठ आहे. ‘मेन चालू करायला सांग, तो आत आहे.’ मास्तरांना ऐकू जाऊ नये म्हणून तू हळूच बोललास. मोठ्याने बोलला असतास तर मी नापास झाले असते, तेवढं तू टाळलंस. मी म्हटलं, ‘एक मिनिट.’ तुला म्हटलं की फोटोवाल्याला, ते माझं मलाच आता सांगता येत नाही. चहा आला तेव्हा तू पुन्हा माझ्याकडे बघितलंस आणि मी कप हातात घेतला. सगळेजण बघत होते. नोकरी मिळून जेमतेम काही क्षण झाले होते, आणि मला ती आणखी थोडा वेळ हवी होती. एवढा वेळ माणूस तग धरतो असं मला वाटलं. वर्गात शिकवलं होतं की धरत नाही, तरी वाटलं.

मी साहेबांना सांगितलं, ‘म्हणाला, शाब्बास.’

त्यांनी ते टायपिस्टला लिहून घ्यायला लावलं. मी उठताना ते त्याला म्हणाले, ‘सख्खी बहीण भावाविरुद्ध खोटं कशाला बोलेल?’ मी दारापर्यंत पोचले होते. इतकी वर्षं तुझी बहीण असण्याचं मला काय मिळालं हे मी मनातल्या मनात मोजत असायचे. काल एकरकमी मिळालं.

तू खरं सांगू शकतोस. कोणी मानणार नाही, पण सांगू शकतोस. तू सांगणार नाहीस, हे मला माहीत आहे. माझ्यासाठी तू शाळेत मास्तरांशी खोटं बोललास, नवऱ्याच्या माणसांशी खोटं बोललास, त्या दिवशी फळ्यावर खोटं बोललास. आता नुसतं गप्प राहायचंय, ते त्याहून सोपं आहे. आणि जरा व्यवहाराने बघ. आपल्या घरात मिळवणारी माणसं आपण दोघंच. दोघंही गेलो तर वहिनीला आणि मुलींना कोण बघणार? एकाने जायचं तर कोणी, याचं उत्तर तूच दिलं असतंस. मी विचारायची वाट पाहिली नाही, इतकंच.

माझी नेमणूक झाली. खोली बघून आले. खोली कसली, घरच आहे, हवेशीर, आत दोन खोल्या आणि बाहेर एक. मुलींना आतली एक देईन, त्यांचा अभ्यास होईल. वहिनी आली तर तिच्यासाठी बाहेरची आहे. तिने जबानीचं ऐकलं आणि भांडी घासत राहिली. आज सकाळी माझा डबा भरून ठेवला होता. तिला दुसरीकडे जायला जागा नाही, हे तिलाही कळतं.

ड्रायव्हरला दोष देऊ नकोस. तो आधी काही बोलायला तयार नव्हता. त्याची गाडी गेटवर अडवायचा अधिकार आता माझ्याकडे आहे, ब्रेक, टायर, दिवे, काहीही निघू शकतं, एवढंच त्याला म्हटलं. पोरंबाळं असलेला माणूस आहे. तू लपलायस त्या अर्धवट बांधलेल्या गोदामाचं त्याने सगळं सांगितलं, तू वरच्या मजल्यावर कुठे अंथरूण टाकतोस तेसुद्धा. मी आज सकाळी पोलिसांना पत्ता लिहून दिला. हे पत्र तोच घेऊन येईल आणि ते त्याच्या मागोमाग असतील, म्हणजे वाचून होईपर्यंत वेळ आहे.

दादा, आता नीट ऐक. ते आले की पळू नकोस. ड्रायव्हर म्हणाला की तिथे जिन्याला कठडा नाही आणि मागच्या बाजूला स्लॅबच्या कडेला साधी दोरीसुद्धा बांधलेली नाही. तू घाबरलास की मागे मागे सरकतोस, लहानपणापासूनची सवय आहे. मागे सरकू नकोस. भिंतीला धरून एकेक पायरी उतर, उतरताना खाली बघ, आणि खालून कोणी ओरडलं तरी दचकू नकोस. तुझ्या जिवाला काही झालं तर मला सहन होणार नाही.

तुझीच,
सख्खी बहीण